जुना मोटर ग्रेडर घेण्याआधी: ओळख, तपासणी आणि किंमत काढण्याची रीत

जुना ग्रेडर (लांब ब्लेडने रस्त्याचा थर पसरून सपाट करणारे यंत्र) बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा इंजिन सुरू करून धूर बघतो, मीटरवरचे तास वाचतो, टायरवर हात फिरवतो आणि भाव बोलायला बसतो. बॅकहो घेताना ही रीत थोडीफार निभावते. ग्रेडरच्या बाबतीत ती महागात पडते, कारण ग्रेडरचा खरा पैसा मधल्या भागात असतो: सर्कल (ब्लेड फिरवणारे दातेरी कडे), ड्रॉबार (सर्कलला फ्रेमच्या पुढच्या टोकाशी जोडणारा सांगाडा), सॅडल (ब्लेड उचलणारे सिलिंडर बसतात तो फ्रेमवरचा भाग), आर्टिक्युलेशनची (यंत्र मधून वळते त्या सांध्याची) पिन आणि मागचे टँडम (एका बाजूची दोन मागची चाके चेनने चालवणारी पेटी). इंजिन गावातला मिस्त्रीही उघडून बांधतो. सर्कलचे दात झिजलेले असतील तर ब्लेडचे टोक कितीही चांगल्या ऑपरेटरच्या हाताखाली स्थिर राहत नाही.

हे केवळ कौशल्याचे नाही, बिलाचेही प्रकरण आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये यंत्राने पसरलेल्या दाणेदार बेसच्या (डांबराखालच्या खडीच्या थराच्या) पातळीला अधिक-उणे १० मिमीचीच सूट आहे. ब्लेडच्या टोकाला २० मिमी प्ले (ढिलाई) असलेल्या यंत्राने ती पातळी साधायची म्हणजे दोन-तीन पास जास्त मारायचे, डिझेल जाळायचे, पाणी पुन्हा मारायचे आणि तरी लेव्हल नापास होण्याची भीती बाळगायची.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. थंड यंत्रावर जे दिसते ते गरम झाल्यावर दिसत नाही आणि गरम यंत्रावरचे दोष थंडपणी लपतात, म्हणून क्रम बदलला की अर्धी तपासणी वाया जाते.

टप्पा १ : निघण्याआधीची तयारी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी सांगा. इंजिन त्या दिवशी सकाळपासून सुरू करू नका. यंत्र धुऊ नका आणि ग्रीस मारू नका. मोकळी जागा आणि मुरमाचा एखादा ढीग जवळ असू द्या. ताजे ग्रीस पिन-बुशमधला प्ले तासाभरासाठी भरून काढते आणि धुतलेल्या यंत्रावर तेलाची गळती कुठून होते ते कळत नाही. एवढे सांगूनही पोचल्यावर यंत्र चकचकीत आणि बॉनेट गरम असेल, तर कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ मागा.

त्याच फोनवर नंबर प्लेटचा, आरसीचा आणि अवरमीटरचा फोटो मागवून घ्या. फोटो द्यायला टाळाटाळ होत असेल तर तीनशे किलोमीटर जाण्याचे कारण उरत नाही.

सोबत न्यायचे सामान: चांगली बॅटरी (टॉर्च), लोखंडी पट्टी आणि टेप, खडू किंवा मार्कर, दहा मीटर सुतळी, पाच-सहा फुटांची पहार, २० टनी बॉटल जॅक, लाकडी ठोकळे, लोहचुंबक, तेलाच्या नमुन्यासाठी चार स्वच्छ बाटल्या, वायर ब्रश आणि थोडे डिझेल लावलेले फडके. जमल्यास चुंबकी पायाचा डायल गेज आणि तापमान मोजण्याची इन्फ्रारेड गन. ग्रेडर चालवणारा स्वतःचा ऑपरेटर नक्की न्या. विकणाऱ्याच्या ऑपरेटरला यंत्राचे दोष झाकून चालवायची सवय झालेली असते, तो मुद्दाम करत नसला तरी.

टप्पा २ : यंत्र नेमके कोणते आहे

बाजूच्या स्टिकरवरून मॉडेल ठरवू नका. रंग आणि स्टिकर एका दिवसात बदलतात. धातूच्या प्लेटवरचा ओळख क्रमांक, म्हणजे पिन नंबर, आणि फ्रेमवर ठोकलेला क्रमांक हे दोन्ही शोधा. प्लेट साधारणपणे केबिनखाली, आर्टिक्युलेशनच्या जवळ किंवा फ्रेमच्या बाजूला असते. रंगाचे थर असतील तर वायर ब्रशने घासून काढा. अक्षर न् अक्षर कागदावर उतरवा आणि फोटोही काढा.

कॅटरपिलरच्या जुन्या यंत्रांवर आठ अक्षरांचा क्रमांक असतो: पहिली तीन अक्षरे प्रीफिक्सची, पुढचे पाच आकडे त्या मालिकेतला अनुक्रम. नंतरच्या यंत्रांवर सतरा अक्षरांचा पिन आहे. त्यात सुरुवातीला कंपनीचा कोड, मग मॉडेल, एक पडताळणीचे अक्षर आणि शेवटी तेच प्रीफिक्स आणि अनुक्रम. या प्रीफिक्सला फार महत्त्व आहे. एकाच १४०एच नावाखाली वेगवेगळ्या प्रीफिक्सची यंत्रे आहेत आणि त्यांचे इंजिन, पंप, व्हॉल्व्ह वेगळे असू शकतात. सुटे भाग मागवताना डीलर मॉडेल नव्हे, प्रीफिक्स विचारतो. उतरवलेला क्रमांक घेऊन डीलरच्या पार्ट्स काउंटरला जा आणि उत्पादनाचे वर्ष आणि मूळ जोडणी विचारून घ्या.

नेहमीची चूक: पिनमधल्या दहाव्या अक्षरावरून वर्ष काढणे. मोटारगाड्यांची ती पद्धत बांधकाम यंत्रांना सर्रास लागू होत नाही. वर्ष अनुक्रमावरून ठरते.

इंजिनची प्लेट वेगळी असते, तीही वाचा. १२०एच च्या सुरुवातीच्या यंत्रांत ३११६ इंजिन आहे, नंतर ३१२६बी आले. १४०एच च्या सुरुवातीच्या यंत्रांत ३३०६ आहे. १४०के मध्ये सी७ आहे. ३३०६ जुन्या धाटणीचे, पंप आणि इंजेक्टर वेगळे असलेले इंजिन. तालुक्याच्या ठिकाणीही त्याचा पंप खोलून दुरुस्त करणारे सापडतात. ३१२६बी आणि सी७ इलेक्ट्रॉनिक आहेत, त्यांचे इंजेक्टर तेलाच्या दाबावर चालतात आणि दोष शोधायला लॅपटॉप लागतो. तुमची साइट आणि डीलरची वर्कशॉप यांच्यात किती अंतर आहे, त्यावर यातले कोणते घ्यायचे ते ठरवा. इंजिन बदललेले असेल तर यंत्र वाईटच असे नाही, पण इंजिन नंबर आरसीवर दुरुस्त करून घेतला आहे का, ते पाहावे लागते.

व्होल्वोच्या जुन्या ग्रेडरबद्दल एक माहिती ठेवा. व्होल्वोने १९९७ मध्ये चॅम्पियन ही ग्रेडर बनवणारी कंपनी घेतली, आणि २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचे ग्रेडर पुढे विकसित न करता ते काम एसडीएलजी या चिनी ब्रँडकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे जी७१०, जी९३०, जी९४० यांपैकी काही घेत असाल तर भाव बोलण्याआधी सर्कलचे पिनियन, टँडमची चेन आणि ट्रान्समिशनचा किट यांची उपलब्धता आणि किंमत लेखी मागवा. बीईएमएल या सरकारी कंपनीच्या यंत्रांबाबतही असेच करा. सरकारी खात्यातून लिलावात निघालेली ही यंत्रे कमी चाललेली असतात, पण वर्षानुवर्षे उभी राहिल्याने सील आणि होज वाळलेले असतात.

तपासा: प्लेट, फ्रेमवर ठोकलेला नंबर, आरसीवरचा चेसिस नंबर, विम्यावरचा नंबर. चारही अक्षरशः सारखे हवेत. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल फार होते आणि नावावर करताना नेमकी तीच अडते.

टप्पा ३ : कागद

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटर ग्रेडर हे बांधकाम साहित्य वाहन म्हणून स्पष्टपणे धरलेले आहे, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर नेण्यासाठी त्याला आरटीओची नोंदणी लागते. खाणीत किंवा एकाच प्रकल्पात राबलेली काही यंत्रे कधी नोंदवलेलीच नसतात. अशी यंत्रे स्वस्त मिळतात, पण आज जुन्या उत्सर्जन टप्प्याच्या यंत्राची पहिली नोंदणी करणे अवघड आहे. चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून उत्सर्जनाच्या नियमांचा चौथा टप्पा (स्टेज ४) लागू झाला. बिननोंदणीचे यंत्र घ्यायचेच असेल तर पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.

नोंदणी असेल तर परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालकाचे नाव, बोजा, विमा आणि कर पाहा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र हवे. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. यंत्र दुसऱ्या राज्यातले असेल तर फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र. परदेशातून जुने म्हणून आयात केलेले असेल तर बिल ऑफ एंट्री आणि चार्टर्ड इंजिनीअरचे प्रमाणपत्र मागा. निविदेत यंत्राची मालकी दाखवावी लागते, त्यामुळे कागदांत अडकलेला ग्रेडर साइटवर चालला तरी टेंडरला उपयोगी पडत नाही.

टप्पा ४ : थंड यंत्राची पाहणी

अजून इंजिन सुरू करू नका. रात्रभर उभ्या यंत्रात पाणी तेलाच्या खाली बसलेले असते, म्हणून हीच वेळ योग्य. विकणाऱ्याच्या परवानगीने हायड्रॉलिक टाकी, दोन्ही टँडम आणि डिफरन्शियलचे ड्रेन प्लग किंचित सैल करून पहिला पेलाभर द्रव बाटलीत घ्या. आधी पाणी आले, किंवा तेल दुधासारखे निघाले, तर सील किंवा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) गेलेले आहे. प्लगला चिकटलेला बारीक राखाडी लेप सामान्य आहे. चुंबकाला चिकटणारे कण किंवा चकत्या आल्या तर आतले बेअरिंग किंवा चेन तुटू लागली आहे असे समजा.

टँडमच्या तेलाची पातळी दोन्ही बाजूंना पाहा. एका टँडममध्ये तेल जास्त आणि डिफरन्शियलमध्ये कमी असेल, तर मधले सील गेले आहे. सील स्वस्त असते, तिथपर्यंत पोचण्याची मजुरी महाग पडते.

मग फ्रेम. पुढच्या फ्रेमच्या कमानीवर, सॅडलच्या आसपास, आर्टिक्युलेशनच्या वरच्या-खालच्या प्लेटांवर आणि मागे रिपर (जमीन उकरणारे दाते) जिथे बसतो तिथे फडक्याने पुसून बॅटरी तिरकी धरा. भेग बारीक गंजाच्या रेषेसारखी दिसते. वेल्डिंगची जाड, ओबडधोबड शिवण दिसली तर ती जुनी दुरुस्ती आहे. एकाच ठिकाणी दोनदा वेल्ड केलेले दिसले तर भेग परत फुटते आहे, आणि तिथे थांबून पुन्हा विचार करा. फक्त काही भागांवर मारलेला नवा रंग ही सर्वात मोठी खूण. तिथेच घासून बघा.

कूलंटचे झाकण थंडपणीच उघडा. तेलाचा तवंग किंवा गंजट पाणी दिसले तर हेड, ऑइल कूलर किंवा वर्षानुवर्षे नुसते बोअरचे पाणी भरल्याचा संशय घ्या.

टप्पा ५ : थंड इंजिन सुरू करणे

आता तुमच्या ऑपरेटरला सुरू करू द्या. पहिल्या काही सेकंदांत पांढरा धूर आणि तो पटकन जाणे ठीक आहे. पांढरा धूर जात नसेल तर कॉम्प्रेशन किंवा इंजेक्टर. गरम झाल्यावर निळा धूर वाढला तर रिंग किंवा टर्बो. थ्रॉटल दाबताना क्षणभर काळा धूर चालतो, सतत काळा नको. ब्रीदरच्या नळीतून फुसफुसत वाफ येते का, ते इंजिन आळशी गतीवर (आयडलिंगला) आणि पूर्ण गतीवर पाहा. जोरात मारणारा ब्रीदर म्हणजे रिंग-लायनरचा खर्च.

इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर डीलरच्या माणसाकडून ईसीएममधले (इंजिनच्या संगणकातले) तास आणि जुने फॉल्ट कोड काढून घ्या. काट्याचे किंवा बदललेले मीटर काहीही दाखवू शकते, ईसीएममधले तास बदलणे तितके सोपे नाही.

इंजिनाबद्दल एवढे पुरे. इंजिन गरम होईपर्यंत पुढच्या टप्प्याचे काम सुरू करा.

टप्पा ६ : ब्लेड, सर्कल, ड्रॉबार, सॅडल

इथे घाई करू नका. तासभर द्या.

पहिल्यांदा ब्लेड जमिनीपासून गुडघाभर उचला, खाली ठोकळे ठेवा, इंजिन बंद करा. ब्लेडचे एक टोक दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकला आणि टोकाला किती हालचाल होते ते पट्टीने मोजा. मग पहार लावून तेच टोक वर-खाली हलवा आणि मोजा. दोन्ही टोकांना करा. हा एकूण प्ले. आता तो कुठून येतो ते शोधायचे.

पुढे-मागे प्लेचा मोठा वाटा सर्कलचे दात आणि पिनियन यांचा असतो. १४०एच च्या सर्कलचा व्यास दीड मीटरच्या आसपास आहे आणि ब्लेड १२ फुटी, म्हणजे ३.६६ मीटर. मध्यापासून दातांचे अंतर सुमारे पाऊण मीटर आणि ब्लेडच्या टोकाचे १.८३ मीटर. त्यामुळे दातांतला ३ मिमी प्ले टोकाला ७ मिमी होऊन दिसतो. टोकाला मोजलेल्या आकड्याला साधारण अडीचने भागले की दातांतला प्ले अंदाजे कळतो.

मग इंजिन सुरू करून सर्कल हळूहळू पूर्ण ३६० अंश फिरवा. ग्रेडरचे ब्लेड आयुष्यभर ठराविक कोनांतच काम करते, म्हणून दातांचा एक पट्टा झिजतो आणि उरलेले दात जवळपास कोरे राहतात. कोऱ्या दाताची जाडी आणि कामाच्या पट्ट्यातल्या दाताची जाडी, दोन्ही मोजा. यंत्रातले हे खोटे न बोलणारे मीटर आहे. अवरमीटर चार हजार तास सांगत असेल आणि कामाचे दात कोयत्यासारखे एका बाजूला वळलेले असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

इशारा: सर्कल फिरवताना कोणीही फ्रेम आणि ब्लेडच्या मध्ये उभे राहू नये. दात मोजताना इंजिन बंद, ब्लेड ठोकळ्यांवर.

वर-खाली प्ले सर्कलला धरून ठेवणाऱ्या शूज आणि त्यांच्यामधल्या वेअर स्ट्रिपमधून (झिजपट्ट्यांतून) येतो. स्ट्रिप झिजण्यासाठीच केलेल्या असतात, त्या आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ पट्ट्या) बदलणे स्वस्त काम आहे. धोका पुढे आहे: स्ट्रिप संपल्यावरही यंत्र चालवले की शू सर्कलचाच पृष्ठभाग खातो. स्ट्रिपच्या जागी लोखंडावर लोखंड घासलेले, चकचकीत खड्डे दिसले तर सर्कल उतरवून बिल्डअप आणि मशिनिंगचा खर्च धरा. लाखांतला फरक या एका नजरेत ठरतो, आणि बघणारे बहुतेकजण खाली वाकतच नाहीत.

ड्रॉबारच्या पुढच्या टोकाला बॉल आणि सॉकेट असतो. ब्लेड जमिनीला टेकवून यंत्र पाऊलभर पुढे-मागे करायला सांगा आणि बॉलकडे बघा. आवाज आणि दिसणारी हालचाल असेल तर शिम किती उरले आहेत ते पाहा. शिम काढून प्ले घेता येत असेल तर ठीक. शिम संपले असतील तर बॉल आणि कॅप दोन्ही आले. लिफ्ट सिलिंडरच्या खालच्या बॉल-सॉकेटलाही हाच नियम.

सॅडलची लॉक पिन काढून घाला. भोके अंडाकृती झाली असतील तर बँक कापताना, म्हणजे ब्लेड बाजूला उभे करून उतार छाटताना, ब्लेड धडधडते. पिन सहज निघत नसेल तर ती वर्षानुवर्षे हलवलेलीच नाही. ते यंत्र फक्त सपाट कामाला वापरले गेले आहे आणि एका अर्थी ही बरी खूण आहे.

शेवटी खुद्द ब्लेड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणा आणि मधे फट किती पडते ते पाहा. ब्लेड मधून वाकलेले असेल तर कटिंग एज (ब्लेडच्या खाली बोल्टने बसवलेली बदलता येणारी धार) नवी लावली तरी मध्यभागी थर जाड राहतो. कटिंग एजचे बोल्ट ज्या भोकांतून जातात त्या खालच्या काठाकडे नीट बघा. कटिंग एज वेळेत न बदलल्याने ब्लेडचा काठच झिजून भोकांपर्यंत आला असेल, तर नवी एज धरायला जागा नाही. नवी कोरी कटिंग एज लावून यंत्र विकायला उभे केलेले असेल, तर तिच्या मागे हा काठ लपलेला असतो. दोन बोल्ट काढून पाहायला हरकत नसावी. साइड शिफ्टच्या रेल आणि टिप सिलिंडरच्या पिनाही पाहून घ्या.

टप्पा ७ : आर्टिक्युलेशन, पुढचा ॲक्सल, टँडम

ब्लेड सरळ ठेवून दोन्ही लिफ्ट सिलिंडरांनी खाली दाबा, पुढची चाके जमिनीपासून किंचित उचलली जाईपर्यंत. हे करताना एक माणूस आर्टिक्युलेशनच्या पिनेकडे बघत राहील. वरची प्लेट खालच्या प्लेटपासून सरकलेली दिसली, किंवा "टक्" आवाज आला, तर बेअरिंग गेले आहे. डायल गेज असेल तर इथेच लावा. चाके परत टेकवा, पुन्हा उचला, तीन वेळा.

मग पुढच्या फ्रेमखाली ठोकळे लावून चाके उचललेलीच ठेवा. प्रत्येक पुढचे चाक वर-खाली आणि आत-बाहेर पहारीने हलवा. व्हील बेअरिंग, किंग पिन, लीन बारच्या (पुढची चाके तिरकी करणाऱ्या दांड्याच्या) पिना आणि टाय रॉड अशी चार ठिकाणे असतात. कोणती हलते ते दुसऱ्याने बोट लावून सांगायचे. लीनच्या पिना मुरूम-मातीत सर्वात आधी जातात, त्या बदलणे फार महाग नाही.

इशारा: नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली हात घालू नका. ठोकळे आधी, आणि आर्टिक्युलेशनची लॉक पिन लावलेली हवी.

टँडमसाठी मागे एका बाजूचे एकच चाक जॅकने उचला आणि ते हाताने पुढे-मागे फिरवा. आतल्या चेनमध्ये जेवढी ढिलाई तेवढे चाक मोकळे फिरते. टायरच्या परिघावर खडूने खूण करून मोजा. चारही मागच्या चाकांना हे करा. एकच आकडा फारसा सांगत नाही, डाव्या-उजव्यातला फरक सांगतो. एका चाकाची ढिलाई बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर तिथली चेन किंवा स्प्रॉकेट संपत आले आहे. चाक आत-बाहेरही हलवा, ती हालचाल व्हील स्पिंडलच्या बेअरिंगची.

टायर: बहुतेक यंत्रांवर १४.००-२४ आकाराचे सहा टायर असतात. मागच्या चारांत मोठा फरक असलेले टायर लावलेले असतील, तर टँडम आणि डिफरन्शियलने तो ताण सोसलेला आहे हे लक्षात ठेवा. साइडवॉलवरचे काप बघा आणि पुढे चला.

टप्पा ८ : गरम यंत्र, कामावर

तेल गरम झाले की ब्लेड पूर्ण उचला, लिफ्ट सिलिंडरच्या रॉडवर पॅकिंगच्या अगदी काठाला मार्करने रेघ मारा, इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटे थांबा. रेघ सरकली तर लॉक व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचे सील. दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकल्या तर जास्त वाईट, कारण काम करताना ब्लेड आपोआप एका बाजूला झुकते. थंड तेलावर ही चाचणी करू नका, घट्ट तेल सगळे दोष झाकते.

मग प्रत्येक लिव्हर एकेकटी आणि दोन-दोन एकत्र चालवा. एकत्र चालवताना सगळे मंदावले तर पंप थकला आहे.

ट्रान्समिशन: सर्व पुढचे आणि मागचे गिअर, एकामागून एक. लिव्हर टाकल्यावर यंत्र हलायला लागणारा वेळ थंड आणि गरम अवस्थेत सारखा हवा. गरम झाल्यावर उशीर वाढला तर क्लच पॅक किंवा दाबाचा प्रश्न. इंचिंग पेडल (यंत्र इंच-इंच सरकवण्याचे पेडल) हळू सोडताना यंत्र सरकले पाहिजे, झटका बसता कामा नये.

नेहमीची चूक: लोडरवर करतात तशी स्टॉल टेस्ट ग्रेडरवर करणे. १४०एच सारख्या यंत्रात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरपर्यंत पोचवणारा भाग) नाही, डायरेक्ट ड्राइव्ह आहे. तिथे ब्रेक दाबून गिअरवर जोर देणे म्हणजे क्लच जाळणे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या यंत्रावरच, आणि मॅन्युअलप्रमाणेच ही चाचणी करायची.

आता मुरमाचा ढीग. ब्लेड भरून ढकला, चाके घसरेपर्यंत जोर द्या, मग तोच मुरूम पसरून तीस मीटरचा एक पट्टा काढा. मागे फिरून पट्ट्यावर सुतळी ताणा. नियमित अंतरावर लाटा दिसल्या आणि ऑपरेटर चांगला असेल, तर ते सर्कल-ड्रॉबारच्या प्लेचे बोलणे आहे. काम झाल्यावर मागच्या चारही चाकांचे हब तापमान गनने मोजा. एकच हब बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग किंवा घासणारा ब्रेक. सर्व्हिस ब्रेक, पार्किंग ब्रेक, डिफरन्शियल लॉक पाहा. शेवटी गरम इंजिन आणि ट्रान्समिशनच्या तेलाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत द्या. अहवालातले लोखंड, तांबे आणि सिलिकॉनचे आकडे एकत्र वाचायचे असतात: सिलिकॉन जास्त म्हणजे एअर फिल्टरकडे दुर्लक्ष झालेले.

टप्पा ९ : किंमत

आधी वरचा आकडा. तेच मॉडेल, तीच मालिका, तेच इंजिन असलेले, कामावर लगेच जाऊ शकेल असे यंत्र तुमच्या भागात प्रत्यक्षात कितीला गेले, ते तीन-चार ठिकाणी विचारा. जाहिरातीतला मागितलेला भाव धरू नका. लिलावाचे भावही सरळ धरू नका. तिथे "जसे आहे तसे" विक्री असते आणि चालवून बघता येत नाही, म्हणून भाव खालीच असतो.

मग दुरुस्तीची वजाबाकी. रीत कळावी म्हणून मानलेल्या आकड्यांवर हिशेब असा:

चांगल्या यंत्राचा भाव: ३२ लाख
चार टायर: २.०० लाख
वेअर स्ट्रिप, शिम, ड्रॉबार बॉल: ०.६० लाख
ब्लेडचा काठ आणि कटिंग एज: ०.७५ लाख
एका टँडमची चेन आणि बेअरिंग: २.२५ लाख
आर्टिक्युलेशन बेअरिंग: १.४० लाख
सिलिंडर सील आणि होज: ०.५० लाख
दुरुस्तीची बेरीज: ७.५० लाख
उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी २० टक्के: १.५० लाख
२५ दिवस यंत्र उभे, दुसरा ग्रेडर भाड्याने रोज ८,००० प्रमाणे: २.०० लाख
देण्याची कमाल किंमत: २१ लाख

भाग आणि मजुरीचे आकडे तुमच्या मिस्त्रीकडून आणि डीलरकडून लेखी घेतलेले हवेत. उभे राहण्याचा खर्च जवळजवळ सगळे विसरतात, आणि पावसाळ्याआधीच्या दोन महिन्यांत तोच सर्वात मोठा असतो. उलट लो-बेडचे (यंत्र वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचे) भाडे आणि आरटीओचा खर्च पूर्ण वजा करण्याची चूक होते. चांगले यंत्र घेतले असते तरी तो खर्च आलाच असता. फक्त जास्तीचे अंतर किंवा परराज्याचा जास्तीचा कर वजा करा.

खालची मर्यादा म्हणून यंत्राचे वजन गुणिले भंगाराचा भाव, अधिक इंजिन आणि टायरची सुटी किंमत काढून ठेवा. दुरुस्ती चांगल्या यंत्राच्या भावाच्या निम्म्यावर गेली, किंवा फ्रेम फुटलेली असेल, तर खालच्या मर्यादेच्या फार वर जाऊ नका.

तपासा: विकणारा जीएसटीचे बिल देणार आहे का, आणि बोललेला भाव करासहित की कराव्यतिरिक्त? ग्रेडरवर १८ टक्के कर आहे. हा प्रश्न शेवटी विचारला तर सगळी घासाघीस वाया जाते.

टप्पा १० : व्यवहार आणि वाहतूक

इसार देताना करारपत्रात पिन नंबर, इंजिन नंबर, अवरमीटरचे तास, सोबत येणारे सामान, म्हणजे रिपर, स्कॅरिफायर, जास्तीच्या कटिंग एज, जॅक, चाव्या आणि मॅन्युअल, यांची नावे लिहा. तेलाचा अहवाल आणि बोजा उतरल्याचे पत्र येण्याआधी पूर्ण रक्कम देऊ नका. रक्कम बँकेतून, आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय यंत्र लो-बेडवर चढवू नका.

चढवण्याच्या दिवशी टायर आणि बॅटऱ्या तपासणीच्या वेळच्याच आहेत ना, ते फोटोशी ताडून पाहा. हे दोन भाग मधल्या काळात सर्वात जास्त बदलले जातात. आर्टिक्युलेशनची लॉक पिन लावा, ब्लेड फ्रेमच्या रुंदीत वळवून फळ्यांवर टेकवा आणि चारही कोपऱ्यांना साखळदंड बांधा. केबिनसह उंची लो-बेडवर चार मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे गावातल्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचे पूल असलेला रस्ता चालकाला आधीच टाळायला सांगा. विमा तुमच्या नावावर येईपर्यंतच्या प्रवासासाठी ट्रान्झिट विमा वेगळा घ्या.